भरतीच्या वेळी पक्षी कुठे जातात?

ऐरोलीच्या किनारी व सागरी जैवविविधता केंद्रातून रोहित पक्षी पाहायला ठाणे खाडीत जाणाऱ्या बोटींची वेळ रोज वेगळी असते. भरती दररोज सुमारे पन्नास मिनिटांनी पुढे सरकते आणि पाणी पुरेसे चढल्याखेरीज बोट जागची हलत नाही, त्यामुळे वेळापत्रक भरती-ओहोटीच्या तक्त्यावरूनच काढावे लागते. पक्ष्यांचा हिशेब नेमका उलटा आहे. पाणी उतरून चिखल उघडा पडला की त्यांची पंगत बसते आणि पाणी चढले की उठते. बोटीचा बंदोबस्त करणाऱ्यांचा यात काही दोष नाही. चिखलावर बोट चालवता येत नाही. पण खाडीकडे पाण्याच्या बाजूने पाहण्याची ही सवय पर्यटनापुरती राहिलेली नाही, ती आपल्या संरक्षणाच्या कल्पनेतही उतरली आहे. भरतीला खाडीत दोनच गोष्टी दिसतात, काठची तिवरे आणि मधले पाणी. त्या दोन्हींना आपण संरक्षण दिले. ज्या चिखलावर पक्षी जगतात तो, आणि तो बुडाल्यावरचे काही तास ते जिथे काढतात त्या जागा, या मात्र आपल्या हिशेबातून निसटत आल्या आहेत. पाणपक्ष्यांचे अभयारण्य केवळ जागेची हद्द आखून पुरे होत नाही, दिवसाच्या कोणत्या प्रहरी पक्षी कुठे असतो हे धरूनच ती हद्द आखावी लागते, हे ठाणे खाडीइतके स्पष्ट क्वचितच कुठे दिसते.

ठाणे खाडी रोहित अभयारण्याची अधिसूचना ऑगस्ट 2015 मध्ये निघाली. क्षेत्र सुमारे 1,690 हेक्टर. त्यात 896 हेक्टर कांदळवन आणि 794 हेक्टर खाडीचे पाणी, अशी त्याची फोड सांगितली जाते. या फोडीत चिखल हा शब्दच नाही, तो पाण्याच्या खात्यात जमा आहे. ऑगस्ट 2022 मध्ये अभयारण्य आणि भोवतीचा पर्यावरण-संवेदनशील पट्टा मिळून सुमारे 6,521 हेक्टरांना रामसर स्थळाचा आंतरराष्ट्रीय दर्जा मिळाला; नांदूर मधमेश्वर आणि लोणार यांच्यानंतरचे हे राज्यातले तिसरे रामसर स्थळ. दोन कोटींहून अधिक लोकवस्तीच्या महानगराच्या पोटात एवढी जागा राखली जाणे ही लहान गोष्ट नाही, आणि पुढे जी टीका येईल ती या कामाचे मोल कमी करण्यासाठी नाही. पण ज्या शिवडीमुळे मुंबईकरांना रोहित पक्ष्यांची ओळख झाली, ती शिवडीची चिखलपट्टी अभयारण्याच्या हद्दीबाहेर आहे; तिच्यावरून आता 21.8 किलोमीटर लांबीचा अटल सेतू जातो. नेरुळ आणि उरणकडच्या ज्या पाणथळींवर पक्षी भरतीच्या वेळी जाऊन बसतात, त्याही हद्दीबाहेरच.

चिखल म्हटले की निरुपयोगी, ओसाड, भराव टाकून ‘विकसित’ करण्याजोगी जागा डोळ्यांपुढे येते. प्रत्यक्षात खाडीतला हा सर्वांत पिकाऊ भाग आहे. ओहोटी लागून ऊन पडले की राखाडी चिखलावर हळूहळू सोनेरी-तपकिरी झाक चढते. ही झाक म्हणजे डायाटम, अर्थात काचेसारख्या सिलिकेच्या कवचात राहणारी एकपेशीय शैवाले. चिखलाच्या कणांमधून सरकत ती वर येतात, काही तास प्रकाशसंश्लेषण करतात आणि भरतीचे पाणी पोहोचण्याआधी पुन्हा खाली उतरतात. जाताना चिकट द्रव सोडतात आणि त्याने चिखलाचा वरचा थर बांधून ठेवला जातो. या सायीवर गोगलगायी, खेकडे, निवटे आणि असंख्य सागरी कृमी जगतात, त्यांच्यावर पक्षी. प्रत्येक पक्ष्याची चोच या चिखलाच्या ठरावीक खोलीसाठी बनलेली आहे. आखूड चोचीचा चिखल्या डोळ्यांनी पाहून पृष्ठभागावरचे वेचतो. लांब चोचीचा मालगुजा चोच मुळापर्यंत खुपसतो, पण घट्ट चिखलात अख्खी चोच उघडायची तर फार जोर लागेल. म्हणून तो वरच्या चोचीचे फक्त टोक वर उचलतो आणि कृमी चिमट्यात धरून ओढून काढतो. हे टोक स्पर्शाला अतिशय संवेदनशील असते, त्यामुळे अंधारातही काम अडत नाही. रोहिताची तऱ्हा आणखी वेगळी. डोके उलटे करून तो चोच पाण्यात धरतो, जाड जिभेने पाणी आत-बाहेर पंपासारखे खेळवतो आणि चोचीच्या कडांवरच्या बारीक पट्ट्यांच्या चाळणीत अन्न अडकवतो. मोठा रोहित या जातीची चाळणी जाड, त्यात कोळंबीवर्गातले छोटे जीव आणि शिंपल्या येतात. लहान रोहित या दुसऱ्या जातीची इतकी बारीक की सूक्ष्म शैवालही सुटत नाही.

कांदळवनाचा यात काय वाटा? निश्चितच मोठा, पण तो मानला जातो त्यापेक्षा वेगळ्या प्रकारचा आहे. तिवरे लाटांचा जोर मोडतात, गाळ धरतात, माशांच्या पिल्लांना आसरा देतात. बगळे, रातबगळे, खंड्या यांना तिथे बसायला जागा मिळते. मात्र चिखल्या, टिलवे, तुतवार, मालगुजे हे बहुसंख्य किनारपक्षी झाडीपासून लांबच राहतात. त्यांचे शत्रू ससाण्यासारखे शिकारी पक्षी, आणि झाडीची आड मिळाली की शिकारी अचानक अंगावर येतो. चहूकडे लांबवर नजर पोहोचेल अशी मोकळी जागाच त्यांना सुरक्षित वाटते. लांब वाकड्या चोचीचा व्हिम्ब्रेल भरतीच्या वेळी तिवरांच्या शेंड्यावर बसतो, कधीकधी रेडशँकही. अपवाद आहेत, पण थव्यांचा नियम वेगळा आहे. झाड आणि चिखल यांची सीमा ठरवते ती उंची. तिवराचे रोप साधारणपणे सरासरी समुद्रपातळीच्या वरच तग धरते, कारण मूळ धरायला त्याला काही दिवस पाण्याच्या माऱ्याविना मिळावे लागतात. त्या पातळीखालचा उतार म्हणजे उघडा चिखल. आता खाडीत गाळ साचत गेला की हा उतार वर येतो, तिवर एक पाऊल पुढे टाकते, त्याची श्वसनमुळे आणखी गाळ अडवतात आणि पुढच्या पावलाची सोय होते. गेल्या काही दशकांत ठाणे खाडीत हेच घडले आहे. जुने नकाशे आणि उपग्रहचित्रे शेजारी ठेवली तर वरच्या भागातले पाण्याचे पात्र अरुंद झालेले आणि दोन्ही काठांची हिरवी किनार आत सरकलेली दिसते. वनक्षेत्राच्या अहवालात ही वाढ जमेच्या बाजूला लिहिली जाते. किनारपक्ष्याच्या खात्यात तीच जागा वजा होते.

इथे एक आक्षेप हमखास येतो आणि तो बिनबुडाचा नाही. खाडीत गाळ वाढला, सांडपाणी वाढले, तिवरे पसरली, आणि याच काळात रोहितांची संख्याही वाढत गेली. 1990च्या दशकात शिवडीला ते मोठ्या संख्येने दिसू लागले आणि 2019 मध्ये बॉम्बे नॅचरल हिस्टरी सोसायटीच्या (बीएनएचएस) गणनेत संपूर्ण परिसरातला आकडा लाखापुढे गेला. मग बिघडले कुठे? उत्तर रोहिताच्या चाळणीतच आहे. सांडपाण्यातले नायट्रोजन आणि फॉस्फरस हे शैवालाचे खत. शैवाल वाढले की लहान रोहिताला मेजवानी, म्हणून इथल्या थव्यांत त्याचीच बहुसंख्या. पण या बदलाचा फायदा शिंपल्या आणि कृमी वेचणाऱ्या पक्ष्यांना तसाच मिळतो, असे धरून चालता येत नाही. प्राणवायू कमी झालेल्या गाळात थोड्याच जातींचे कृमी टिकतात आणि अन्नाची विविधता घटते. रोहित गुलाबी आहे, उंच आहे, छायाचित्रात छान येतो, म्हणून तो खाडीच्या प्रकृतीचा मापक झाला. पण जो पक्षी प्रदूषणाच्या एका टप्प्यापर्यंत उलट पोसला जातो तो मापक म्हणून फारसा कामाचा नाही. पंचवीसेक ग्रॅम वजनाचा टिलवा इथे चरबी साठवून सायबेरियाच्या टुंड्राकडे निघतो. खाडी कशी आहे ते त्याला विचारावे. अभयारण्याच्या नावात त्याला जागा मिळाली नाही, याची आता कुणाला खंतही वाटत नसावी.

आता मूळ प्रश्नाकडे. चिखल बुडाला की हे हजारो पक्षी जातात कुठे? कोळीवाड्यात या प्रश्नाचे अर्धे उत्तर तिथीवरून मिळते. अमावास्या-पौर्णिमेच्या आसपास उधाण असते आणि मुंबईत त्या दिवसांत भरती दुपारी आणि मध्यरात्री बाराच्या सुमारास येते. अष्टमीच्या आसपास भांग, तेव्हा भरती सकाळ-संध्याकाळी सहाच्या आगेमागे. उधाणाला पाण्याच्या चढ-उतारातले अंतर पाच मीटरच्या आसपास जाऊ शकते. भर दुपारी चिखलाचा इंचही उघडा राहत नाही, पाणी तिवरांच्या आत शिरते, आणि पक्ष्यांना खाडी सोडून एखाद्या उथळ, मोकळ्या पाणथळीवर जाऊन थांबणे भाग पडते. भांगाच्या दिवसांत मात्र पाणी तितके चढत नाही, काही पट्टे उघडे राहतात, आणि त्याच पाणथळीवर औषधालाही पक्षी नसतो. यातून एक व्यावहारिक गोष्ट निघते. ‘आम्ही जागेची पाहणी केली तेव्हा तिथे पक्षी आढळले नाहीत’ असे वाक्य प्रकल्पांच्या अहवालांत येते. तिथी आणि भरतीची वेळ दिलेली नसेल तर या वाक्याला पुरावा म्हणून काही किंमत नाही. अष्टमीला सकाळी अकराला मारलेली फेरी एखाद्या पाणथळीला निर्जन ठरवू शकते आणि पौर्णिमेला दुपारी बाराला तीच जागा पक्ष्यांनी गच्च भरलेली असू शकते. बीएनएचएसच्या अभ्यासकांनी अशा विसाव्याच्या जागा ओळखून ठेवल्या आहेत: नवी मुंबईत एनआरआय संकुलामागची आणि टी. एस. चाणक्यजवळची पाणथळ, उरणमध्ये पाणजे, भेंडखळ आणि बेलपाडा, आणि भांडुपचे उदंचन केंद्र. खाडी हे जेवणघर आणि या जागा म्हणजे ओसरी. एकावाचून दुसऱ्याचा उपयोग अर्धा.

पक्ष्यांना पंख आहेत, एक तळे गेले तर दुसरीकडे जातील, हा युक्तिवाद इतक्यांदा ऐकू येतो की तो तपासूनच पाहायला हवा, आणि सुदैवाने तो एकदा नीट तपासला गेला आहे. ब्रिटनमध्ये वेल्सची राजधानी कार्डिफ इथल्या खाडीच्या तोंडावर बंधारा घालून नोव्हेंबर 1999 मध्ये भरतीचे पाणी कायमचे अडवले गेले आणि चिखलपट्ट्यांच्या जागी सुमारे 200 हेक्टरांचे गोड्या पाण्याचे तळे झाले. तिथल्या रेडशँक पक्ष्यांच्या पायांत त्याआधीच रंगीत कडी घातलेली होती, त्यामुळे एकेका पक्ष्याचा माग काढता आला. ते खरोखरच ‘दुसरीकडे’ गेले, काही किलोमीटरवरच्या शेजारच्या खाडीमुखात. पण विस्थापित पक्ष्यांचे वजन पहिल्या हिवाळ्यात तिथल्या मूळ रहिवाशांपेक्षा कमी भरले, आणि त्यांचे वर्षाकाठी जगण्याचे प्रमाण 84.6 टक्क्यांवरून 77.8 टक्क्यांवर आले. सात टक्के ऐकायला किरकोळ वाटतात. एरवी दरवर्षी शंभरातले पंधरा मरत, आता बावीस मरू लागले; मृत्यू जवळपास दीडपट झाले. हाच रेडशँक थंडीत ठाणे खाडीतही येतो. दक्षिण कोरियात तर प्रयोग याहून मोठा झाला. सेमांगम इथला 33.9 किलोमीटर लांबीचा समुद्रबांध 2006 मध्ये जोडला गेला आणि आतल्या विस्तीर्ण चिखलपट्ट्यांवर थांबणाऱ्या ग्रेट नॉट या पक्ष्याची संख्या झपाट्याने खालावली. आसपासच्या किनाऱ्यांवर तेवढ्या प्रमाणात वाढ दिसली नाही. पुढे ही जात जागतिक पातळीवर संकटग्रस्त ठरली. पंख असणे म्हणजे रिकामी जागा शिल्लक असणे नव्हे. चांगल्या जागा आधीच भरलेल्या असतात.

आक्षेपाचे दुसरे रूप विमानतळाशी बांधलेले आहे आणि त्यात जिवाचा प्रश्न असल्याने ते गंभीरपणे घ्यायला हवे. मे 2024 मध्ये घाटकोपरजवळ रात्रीच्या वेळी उतरणाऱ्या विमानाची धडक बसून जवळपास 40 रोहित मेले. नवी मुंबईचा विमानतळही खाडीच्या आणि या पाणथळींच्या जवळ आहे. मग आसपासची तळी बुजवून पक्ष्यांना हुसकावणेच शहाणपणाचे नाही का? पक्षी इथे येतात ते तळ्यांसाठी नव्हे, खाडीच्या चिखलासाठी, आणि तो चिखल तर जागेवरच राहणार. तळी गेली तरी भरतीच्या वेळी थवे उठणारच. फक्त ठरलेल्या, जवळच्या, कमी उंचीवरून गाठता येणाऱ्या जागेऐवजी ते नव्या जागेच्या शोधात शहरावरून घिरट्या घालतील. सपाट, मोकळी, चहूकडे नजर पोहोचणारी जागा त्यांना हवी असते, आणि धावपट्टीभोवतालची जमीन नेमकी तशीच असते. कुठल्या तासाला थवा कुठून कुठे जातो हे आधी माहीत असणे, हीच वैमानिकाच्या दृष्टीने खरी सुरक्षितता. सर्व प्रकारच्या पाणथळींना हे लागू पडेल असा दावा नाही. धावपट्टीच्या अगदी टोकाशी असलेल्या एखाद्या डबक्याबाबत निर्णय वेगळाही असू शकतो. सरसकट बुजवण्याला मात्र पक्षिशास्त्राचा आधार मिळत नाही.

मग चिखल वाचवायला तिवरे तोडायची काय? हा प्रश्न उपरोधाने विचारला जातो, पण त्याचे उत्तर सरळ देता येते. मोठी झाडे तोडायची नाहीत. मुंबई उच्च न्यायालयाने 2005 मध्ये अंतरिम आदेशाने आणि सप्टेंबर 2018च्या निकालाने कांदळवनांच्या तोडीवर बंदी घातली, कांदळवनाचा नाश हा जगण्याच्या मूलभूत हक्काचा भंग मानला आणि भोवतालचा 50 मीटरचा पट्टाही राखायला सांगितले. त्या आदेशांवाचून मुंबईची तिवरे कधीच भरावाखाली गेली असती, आणि बिल्डरच्या हाती ‘पक्ष्यांसाठी तोड’ हे हत्यार देणे वेडेपणाचे ठरेल. शिवाय तोडून चिखल परत येतोच असे नाही. न्यूझीलंडच्या तौरांगा बंदरात यंत्रांनी खारफुटी भरडून काढली गेली. भरडा आणि मुळे चिखलातच कुजत राहिली आणि पूर्वीचा मोकळा पट्टा अपेक्षेप्रमाणे परतला नाही. हाँगकाँगच्या माय पो पाणथळीत मात्र वेगळी, धीमी पद्धत आहे. पक्षीनिरीक्षणाच्या मचाणांसमोरच्या चिखलपट्टीवर उगवलेली खारफुटीची रोपे वेळोवेळी काढली जातात, जुन्या वनाला हात लावत नाहीत. कोळंबीच्या जुन्या तळ्यांतले पाणी किनारपक्ष्यांच्या हंगामात मुद्दाम उथळ ठेवले जाते, कारण भरतीच्या वेळी पक्षी तिथेच येऊन बसणार हे व्यवस्थापनाने गृहीत धरलेले आहे. ठाणे खाडीत रोपे काढायची की नाहीत हे अभ्यासाने आणि न्यायालयाच्या परवानगीनेच ठरावे. पण उघड्या चिखलावर नव्याने तिवरांची लागवड करून ती कामगिरी म्हणून दाखवणे तरी थांबायला हरकत नाही. खरे दुखणे गाळ आणि सांडपाणी हे आहे, आणि त्याचा उपाय खाडीत नसून शहराच्या नाल्यांत आणि मलनिःसारण केंद्रांत आहे.

विसाव्याच्या जागांचे काम त्या मानाने सोपे आहे, आणि तिथेच आपण सर्वांत जास्त अडखळतो. यातल्या अनेक जागा नैसर्गिक नाहीत. कुठे बांध घातल्याने पाणी अडले, कुठे मिठागर पडीक झाले. पाणथळ संवर्धनाच्या 2017च्या नियमांतून मिठासाठी, मत्स्यशेतीसाठी किंवा सिंचनासाठी मुद्दाम बांधलेली जलाशये वगळलेली आहेत. त्यामुळे ‘ही पाणथळच नाही’ हा बचाव कायद्याच्या चौकटीत उभा राहतो. जागा कुणी बांधली याने पक्ष्याला फरक पडत नाही. फरक पडतो तो पाणी किती खोल आहे याने. रोहिताला गुडघाभर चालते, टिलव्याला दोन बोटांपेक्षा खोल चालत नाही. ही खोली राखता येते. गोव्यातल्या खाजन शेतीत खारे पाणी आत-बाहेर सोडायला मानस नावाची झडप असते. ती योग्य वेळी उघडणे-मिटणे हे तिथे पिढ्यान्‌पिढ्यांचे शास्त्र आहे. मांडवीतल्या चोडण बेटावरचे डॉ. सालिम अली पक्षी अभयारण्य 1988 पासून राखलेले आहे, पण ते अवघे 1.78 चौरस किलोमीटरचे आणि बहुतांश गर्द कांदळवनाचे. त्याच बेटावरची मोकळी, उथळ पाण्याची खाजने अभयारण्यात मोडत नाहीत. नेरुळच्या डीपीएस तलावात 2024च्या उन्हाळ्याच्या सुमारास मानसाच्या या शास्त्राच्या उलटे घडले: भरतीचे पाणी आत येण्याचा मार्ग बुजला, तलाव आटला, पक्षी गेले आणि परिसरात काही रोहित मेलेले आढळले. झडप, नाली, गाळ उपसणे, एवढ्याच गोष्टींनी अशी जागा जगते किंवा मरते. पुढे 2025 मध्ये या सुमारे 30 एकरांच्या तलावाला रोहितांसाठी संवर्धन राखीव क्षेत्राचा दर्जा देण्याचे राज्याने ठरवले. खाडी आणि ओसरी यांना एकाच व्यवस्थापनाखाली आणण्याची ही सुरुवात असेल तर ती योग्य दिशेने आहे. एकाच तळ्यापुरती ती राहिली तर उरणच्या जागांचा प्रश्न तसाच उरतो.

दरवर्षी जानेवारीत आशियाई पाणपक्षी गणना होते आणि तिच्यात हौशी निरीक्षकांचा वाटा मोठा असतो. एरवीही मुंबई, ठाणे, रायगडमधले शेकडो लोक सुट्टीच्या दिवशी दुर्बीण घेऊन खाडीकाठी जातात आणि नोंदी ऑनलाइन टाकतात. त्यांना एकच विनंती आहे. जात, संख्या आणि ठिकाण यांच्या जोडीला त्या दिवसाची भरतीची वेळ आणि पाण्याची उंची लिहा, आणि निदान एक फेरी उधाणाच्या दिवशी भर भरतीला, खाडीऐवजी एखाद्या दुर्लक्षित तळ्यावर मारा. पक्षी दिसले नाहीत तर तेही वेळेसह नोंदवा. जागा वाचवण्याची वेळ येईल तेव्हा न्यायालयापुढे आणि समितीपुढे या नोंदीच मांडाव्या लागतात.